नॉर्डिक देशांत लॅबमधला शोध औषध होईपर्यंत थांबतं कोण?

प्रश्न असा आलाय: एमएससी बायोटेक झालंय, गाव सांगलीकडचं, पीएचडीसाठी स्वीडन-डेन्मार्क बघतेय, पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही की पाचही नॉर्डिक देश (स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, आइसलंड) मिळून माणसं तीन कोटीच्या आत, महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढी, तरी इन्सुलिनपासून ओझेम्पिक या डायबेटिसच्या नव्या औषधापर्यंत आणि आमच्या लॅबच्या फ्रिजमधल्या बाटल्यांपर्यंत एवढं सगळं तिथनं कसं येतं, युनिव्हर्सिटीतला शोध कंपनीपर्यंत जातो कसा, आणि या सगळ्यात आपल्यासारखीला जागा कुठं.

मी बरीच वर्षं ओरेसुंडच्या, म्हणजे स्वीडन-डेन्मार्कमधल्या सामुद्रधुनीच्या, दोन्ही काठांवर, इकडे लुंड-माल्मो आणि तिकडे कोपनहेगन, टेक ट्रान्सफरचं काम करतोय. एखाद्या प्रोफेसरला काहीतरी सापडलंय असं कळलं की त्याचं पेटंट करायचं का, कंपनी काढायची का, काढली तर पहिले पैसे कुणाकडून आणायचे, हे बघणं माझं काम. तेव्हा उत्तर लांबणार, आणि माझ्या कामाच्या खिडकीतून जे दिसतं तेच येणार.

सगळ्यात आधी, "तिकडे सरकार पैसा ओततं म्हणून होतं" हे अर्धंच खरं आहे. ओततं, नाही कोण म्हणतंय. पण पैसा ओतणारे देश इतरही आहेत आणि हुशार माणसं तर सगळीकडेच आहेत. अवघड जागा वेगळीच असते. लॅबमध्ये काहीतरी सापडलं आणि त्याचं औषध होऊन पेशंटच्या हातात गेलं यात पंधरा, वीस, कधी पंचवीस वर्षं जातात, आणि एवढा काळ कुणीतरी थांबायला लागतं. नुसतं थांबायचं नाही, पगार चालू ठेवायचे, पेटंटच्या फिया भरायच्या, ट्रायल पडली तरी पुन्हा उभं राहायचं. शेअर बाजाराला एवढा दम नसतो, सरकारला निवडणुका असतात. मग थांबणार कोण? नॉर्डिक देशांनी या एका प्रश्नाची उत्तरं आपापल्या परीनं शोधलीत, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे, बाकी ब्रोशरमध्ये छापतात ते.

डेन्मार्कचं उत्तर सगळ्यात जुनं आणि सगळ्यात दणदणीत. ऑगस्ट क्रोग हे कोपनहेगन युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर, १९२० चं नोबेल त्यांना मिळालं होतं, तेही केशवाहिन्यांवरच्या कामाबद्दल, डायबेटिसशी संबंध नाही. पण त्यांची बायको मारी क्रोग स्वतः डॉक्टर होती आणि तिला स्वतःला डायबेटिस होता. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेला लेक्चर दौऱ्यावर गेले तेव्हा टोरांटोत इन्सुलिन सापडल्याची बातमी सगळीकडे होती, मारीबाईंनी धरलंच की तिकडे जाऊन बघून या, क्रोग गेले आणि स्कँडिनेव्हियात इन्सुलिन बनवायची परवानगी टोरांटो युनिव्हर्सिटीकडून घेऊनच परतले. हागेडॉर्न नावाचा डॉक्टर सोबतीला घेतला, पैसे दिले कोंगस्टेड या औषध कारखानदारानं, आणि १९२३ मध्ये नॉर्डिस्क इन्सुलिन लॅबोरेटरी उभी राहिली. तुमच्या घरात कुणी जुनं इन्सुलिन घेत असेल तर बाटलीवर एनपीएच लिहिलेलं बघितलं असेल, त्यातला एच म्हणजे हा हागेडॉर्न. पुढं या हागेडॉर्नचं थोरवाल्ड पेडरसन नावाच्या माणसाशी बिनसलं, त्याला काढलं, तर त्याचा भाऊ हाराल्ड, जो क्रोगच्या लॅबची मशिनं बनवायचा, तोही बाहेर पडला आणि दोघा भावांनी १९२५ मध्ये नोवो काढली. दोन कंपन्या एकाच शहरात साठ-पासष्ट वर्षं एकमेकींच्या उरावर बसून इन्सुलिन सुधारत राहिल्या आणि १९८९ मध्ये एक झाल्या. नोवो नॉर्डिस्क ती हीच. भांडणानं विज्ञानाचं एवढं भलं झालेलं मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही.

पण यातला कळीचा मुद्दा भांडण नाही, मालकी आहे. सुरुवातीपासून व्यवस्था अशी की नफ्याचा मोठा भाग फाउंडेशनकडे, म्हणजे आपल्याकडच्या ट्रस्टसारख्या संस्थेकडे, जाणार आणि फाउंडेशन तो विज्ञानावर खर्च करणार. आजही नोवो नॉर्डिस्कचं भांडवल पाहिलं तर फाउंडेशनच्या हाती साधारण २८ टक्के, पण मतं ७७ टक्के. म्हणजे शेअर बाजारात कुणी कितीही शेअर गोळा केले तरी कंपनी पळवून नेता येत नाही, आणि एखादी तिमाही खराब गेली म्हणून संशोधन बंद करा असं दटावायला कुणी येऊ शकत नाही. हे एकट्या नोवोचं नाही. लुंडबेक या औषध कंपनीच्या मागं लुंडबेक फाउंडेशन, लिओ फार्माच्या मागं लिओ फाउंडेशन, आणि या सगळ्यांच्या आधीचं म्हणजे कार्ल्सबर्ग फाउंडेशन, १८७६ चं, हो बिअरवालं. आपण शाळेत पीएच शिकतो ना, तो १९०९ मध्ये कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये सोरेन्सननं मांडला. नायट्रोजन मोजायची केल्डाल पद्धत पण तिथलीच, १८८३ ची, अजूनही फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये रोज चालते.

आता ओझेम्पिककडे या म्हणजे थांबणं म्हणजे काय ते कळेल. यन्स यूल होल्स्ट हा कोपनहेगनचा डॉक्टर, १९७० च्या दशकात सर्जरी विभागात असताना त्याला प्रश्न पडला की अल्सरचं ऑपरेशन झालेल्या काही पेशंटची साखर जेवल्यानंतर एकदम खाली का जाते. आतड्यातलंच काहीतरी स्वादुपिंडाला सांगत असणार. त्या शोधातून तो आणि अमेरिकेतले काहीजण वेगवेगळ्या वाटांनी १९८० च्या दशकात जीएलपी-१ या हार्मोनपर्यंत पोचले. हार्मोन छान, पण रक्तात टिकतं किती, तर दोनेक मिनिटं. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी नाद सोडला. नोवोत लोटे ब्येरे क्नुडसेन, जी आधी डिटर्जंटच्या एन्झाइमवर काम करायची, तिच्या टीमनं त्याला फॅटी ॲसिडची शेपटी लावली, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटते आणि औषध रक्तात टिकून राहतं. त्यातून झालेलं पहिलं औषध लिराग्लुटाइड युरोपात २००९ ला आलं, सेमाग्लुटाइड म्हणजे ओझेम्पिक अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरला मंजूर झालं, आणि तेच वजन कमी करायला म्हणून, वेगोवी नावानं, २०२१ ला. मोजा, सर्जरी विभागातल्या त्या प्रश्नापासून चाळीस-एक वर्षं. मधल्या काळात होल्स्ट युनिव्हर्सिटीतच राहिला, पेपर लिहीत, आणि कंपनी रस्त्यापलीकडे म्हणावी इतक्या अंतरावर. हे अंतर महत्त्वाचं आहे, कारण माणसं ये-जा करत राहतात.

फाउंडेशनकडे जाणाऱ्या पैशाचं पुढं काय होतं तर कोपनहेगन युनिव्हर्सिटीत २००७ मध्ये प्रोटीन रिसर्च सेंटर, डीटीयू म्हणजे डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीमध्ये बायोसस्टेनेबिलिटी सेंटर, आणि २०१८ मध्ये बायोइनोव्हेशन इन्स्टिट्यूट. हे शेवटचं माझ्या धंद्याशी थेट संबंधित. तिथं प्रोफेसर किंवा पोस्टडॉक कल्पना घेऊन आला की त्याला लॅबची जागा, मार्गदर्शन आणि कन्व्हर्टिबल लोन मिळतं, म्हणजे आत्ता कर्ज, पुढं मोठा गुंतवणूकदार आला की त्याचे शेअर होतात. हे फार शहाणपणाचं आहे कारण इतक्या लवकर कंपनीची किंमत ठरवायला बसलं की अर्धं आयुष्य वाद घालण्यात जातं.

आता पूल ओलांडून स्वीडनला. इथली भानगड पूर्ण वेगळी. १९४९ च्या कायद्यानुसार नोकरदारानं लावलेल्या शोधावर मालकाचा हक्क असतो, पण युनिव्हर्सिटीचे शिक्षक-संशोधक त्यातून वगळलेत. म्हणजे पगार सरकारी, लॅब सरकारी, वीज सरकारी, आणि शोध मात्र प्रोफेसरचा स्वतःचा. भारतातून आलेल्या माणसाला हे ऐकून आधी खोटंच वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेक संस्थांत पेटंट संस्थेच्या नावावर. इथं युनिव्हर्सिटीच्या इनोव्हेशन ऑफिसला प्रोफेसरच्या दारात जाऊन विनवायला लागतं की साहेब आम्ही मदत करू का.

याचं चांगलं उदाहरण उप्सालाचं. लार्स लान्फेल्ट आणि त्याच्या लोकांना उत्तर स्वीडनच्या एका कुटुंबात अल्झायमरचं एक दुर्मिळ म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, सापडलं, आर्क्टिक म्युटेशन, पेपर २००१ चा. त्यातून कळलं की मेंदूत साचलेल्या तयार गाठींपेक्षा त्या बनण्याआधीचे छोटे पुंजके, प्रोटोफायब्रिल, ते जास्त घातक असावेत, मग त्यांनाच पकडणारी अँटिबॉडी का करू नये. २००३ मध्ये त्यानं पार गेलेरफोर्सबरोबर बायोआर्क्टिक काढली, २००७ मध्ये जपानच्या एसाईला लायसन्स दिलं, आणि ती अँटिबॉडी, लेकानेमॅब नावाचं औषध म्हणून, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. परत बघा, बावीस वर्षं. औषध किती उपयोगी यावर डॉक्टरांत अजून वाद आहेत, आजार थांबत नाही, थोडा मंदावतो, आणि मेंदूत सूज-रक्तस्राव यावर लक्ष ठेवायला लागतं. पण आपला विषय तो नाही. विषय हा की इथं थांबला कोण, तर संशोधक स्वतः, कारण वस्तू त्याची होती. युनिव्हर्सिटीची असती तर पाचव्या-सहाव्या वर्षी कुठल्यातरी कमिटीनं पेटंटची फी कशाला भरायची म्हणून सोडून दिलं असतं, हे मी अंदाजानं नाही, अशा कमिट्यांत बसून सांगतोय.

बाकीच्यांनी हा हक्क काढून टाकला. डेन्मार्कनं २००० ला, नॉर्वेनं २००३ ला, फिनलंडनं २००७ ला. विचार असा होता की अमेरिकेसारखं युनिव्हर्सिटीच्या हाती दिलं की नीट ऑफिस होईल, वकील असतील, जास्त कंपन्या निघतील. नॉर्वेचा नीट अभ्यास झालाय, ह्विदे आणि जोन्स या दोघांनी केलेला, २०१८ मध्ये छापून आला, आणि निकाल काय तर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी काढलेल्या कंपन्या आणि पेटंट दोन्ही साधारण निम्म्यावर आले. स्वीडनमध्ये दर काही वर्षांनी कायदा बदला म्हणून चर्चा होते, तेव्हा हा अभ्यास टेबलावर येतोच. तरी मी काही प्रोफेसरच्या हक्काचा आंधळा भक्त नाही. त्याचा तोटा असा की ज्याला धंद्यात रस नाही त्याचा शोध ड्रॉवरमध्येच मरतो, आणि एका शोधावर चार जणांची नावं असली, त्यातला एक पीएचडी संपवून ऑस्ट्रेलियाला गेलेला, तर सह्या गोळा करता करता महिने जातात. गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारतो, याचा मालक कोण, आणि उत्तराला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागली की तो घड्याळ बघायला लागतो.

फिनलंडनं हक्क काढतानाही मधला मार्ग ठेवलाय, तो मला आवडतो: बाहेरच्या कंपनीच्या पैशावर चाललेलं काँट्रॅक्ट संशोधन असेल तर हक्क युनिव्हर्सिटीचा, खुलं संशोधन असेल तर आधी संशोधकाचा.

आता तुमच्या फ्रिजमधल्या बाटल्या. इथं सांगलीचा संबंध खराच येतो. ऊस तोडून पडून राहिला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू वाढतो आणि चिकट डेक्स्ट्रान तयार होतं, कारखान्यातल्या केमिस्टला विचारा, गाळणं बंद पडतं, साखरेचे दाणे नीट येत नाहीत, सगळे शिव्या घालतात. स्वीडनमध्ये ऊस नाही, बीट आहे, पण चिकट भानगड तीच. १९४० च्या सुमाराला साखर कंपनीनं उप्सालाला तिसेलियस या केमिस्टच्या संस्थेत विचारलं की बीटच्या रसात हे काय येतंय, इंगेलमाननं शोधलं तर डेक्स्ट्रान. तिथं नुसता रिपोर्ट देऊन विषय संपवता आला असता. पण त्यानं आणि ग्रोनवॉलनं त्याचा रक्ताच्या प्लाझ्माऐवजी वापरायचा द्राव केला, फार्मासिया कंपनीनं तो बाजारात आणला, युद्धाचा काळ होता, गरज होती. मग पोराथ आणि फ्लोदिन यांनी त्याच डेक्स्ट्रानचे धागे एकमेकांना जोडून मणी केले आणि १९५९ मध्ये सेफाडेक्स आलं, प्रोटीन आकारानुसार वेगळी करायचे मणी. जी-२५, जी-५० चे कॉलम तुम्ही एमएससीला भरले असतीलच. म्हणजे साखर कारखान्याची डोकेदुखी, त्यातून प्रोटीन वेगळं करायची अख्खी इंडस्ट्री. फार्मासिया पुढं विकली-तोडली-जोडली गेली, बायोटेकचा भाग जीई या अमेरिकन कंपनीकडे, मग २०२० ला डॅनाहर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं २१ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतला, आता सायटिव्हा म्हणतात, आणि उप्सालात कारखाना आजही चालू आहे.

उप्साला हे मुळात अवजारं बनवणारं गाव आहे. स्वेडबर्गचं अल्ट्रासेंट्रिफ्यूज तिथलं, तिसेलियसचं इलेक्ट्रोफोरेसिस तिथलं, १९६७ मध्ये आयजीई या अँटिबॉडीवरचं मोठं काम तिथलं, त्यातून ॲलर्जीच्या रक्त तपासण्या निघाल्या, त्या बनवणारी फाडिया २०११ मध्ये थर्मो फिशर या लॅबचं सामान विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनं घेतली. आणि उल्फ लँडेग्रेनच्या लॅबमधून ओलिंक निघाली, रक्ताच्या एका थेंबात हजारो प्रोटीन एकदम मोजायची, ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या पन्नास हजारांवर लोकांची प्रोटीनं या पद्धतीनं मोजलीत. २०२४ मध्ये थर्मो फिशरनं तीही घेतली, साधारण ३.१ अब्ज डॉलरला. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला उगेलस्टाडनं १९७० च्या दशकात एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे बारीक मणी केले, त्यात लोह घालून डायनाबीड्स झाले, आज चुंबकानं पेशी वेगळ्या करायच्या म्हणजे बऱ्याचदा तेच. तेही शेवटी थर्मो फिशरच्याच कपाटात. मला वाटतं औषधापेक्षा अवजार हा छोट्या देशाचा जास्त शहाणा धंदा आहे, कारण अवजाराला ट्रायल लागत नाहीत, विकून पैसे लगेच सुरू होतात, आणि थांबावं लागतं ते कमी. औषधांच्या बातम्या होतात, अवजारांच्या होत नाहीत एवढंच.

मुंबईचाही एक धागा सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतो. ह्युमन प्रोटीन ॲटलस हा स्वीडनचा २००३ पासूनचा प्रकल्प, वॉलेनबर्ग फाउंडेशनच्या पैशावर, माणसाच्या प्रत्येक जीनचं प्रोटीन शरीरात कुठं असतं याचा नकाशा. टिश्यूचे लाखो फोटो निघाले, आणि ते बघून कुठं किती रंग आलाय हे नोंदवायचं मोठं काम मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या टीमनं वर्षानुवर्षं केलं. जगभर लोक ती साइट उघडतात आणि कुणाला कल्पना नसते की हे "मॉडरेट, सायटोप्लाझम" कुणीतरी मुंबईत बसून लिहिलंय.

फाउंडेशनची मालकी आणि प्रोफेसरचा हक्क यानंतर तिसरी गोष्ट म्हणजे नंबर. स्वीडनमध्ये १९४७ पासून, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक माणसाला जन्मापासून एक क्रमांक, आणि दवाखाना, औषधाचं दुकान, कॅन्सर रजिस्टर, मृत्यू नोंद सगळं त्यालाच जोडलेलं. डेन्मार्कचं कॅन्सर रजिस्टर १९४० च्या दशकापासूनचं. म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीनं ऑटिझम होतो का या प्रश्नावर २०१९ मध्ये डॅनिश लोक साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास देऊ शकले आणि नाही होत असं ठामपणे सांगू शकले, एकाही मुलाला वेगळं बोलवावं लागलं नाही. फिनलंडनं तर यावर पूर्ण धोरणच बांधलं, २०१३ चा बायोबँक कायदा, मग २०१७ पासून फिनजेन हा जीन अभ्यासायचा प्रकल्प, पाच लाख लोकांचे नमुने आणि त्यांच्या दवाखान्याच्या नोंदी, सोबत जगभरातल्या औषध कंपन्यांचे पैसे. फिनिश लोकसंख्या इतिहासात मोजक्या लोकांपासून वाढलेली, त्यामुळं इतरत्र दुर्मिळ असलेली काही म्युटेशन तिथं भरपूर सापडतात, तो फायदा वेगळाच.

पण नंबर असला म्हणजे लोक आपोआप तयार होतात असं नाही, आणि त्याचा धडा आइसलंडनं दिलाय. कौरी स्तेफान्सननं १९९६ मध्ये डीकोड ही जीनवर काम करणारी कंपनी काढली, १९९८ मध्ये संसदेनं कायदा केला की सगळ्या देशाच्या आरोग्य नोंदींचा एकच डेटाबेस करून तो एका कंपनीला चालवायला देता येईल, ज्याला नको त्यानं तसं कळवावं. डॉक्टरच उठले विरोधात. एका मुलीनं आपल्या वारलेल्या वडिलांची माहिती द्यायला नकार दिला, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिची बाजू घेतली, डेटाबेस काही झाला नाही. डीकोडनं मग एकेकाची परवानगी घेऊन नमुने जमवले, संशोधन अव्वल, धंदा मात्र बसला, २००९ ला दिवाळखोरी, २०१२ ला ॲमजेन या अमेरिकन औषध कंपनीनं ४१५ दशलक्ष डॉलरला घेतली. इथं थांबायला कुणी नव्हतं हे लक्षात घ्या. विज्ञान डेन्मार्कपेक्षा कमी नव्हतं, मागं फाउंडेशन नव्हतं. त्याच देशात इसाफयोर्डुर नावाच्या मासेमारीच्या गावात केरेसिसनं कॉडच्या कातडीपासून जखमेवर लावायची पट्टी केली, २०२३ ला कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीनं ती १.३ अब्ज डॉलरपर्यंत किंमत ठरवून घेतली. ते परत अवजारवालंच गणित.

सगळं कंपनीतच संपतं असंही नाही. स्वीडनच्या योतेबोरी (गोथेनबर्ग) शहरात ब्रेनस्ट्रॉम या डॉक्टरच्या टीमनं उंदीर, मेंढ्या, बबून असं करत करत गर्भाशय प्रत्यारोपण माणसापर्यंत आणलं आणि २०१४ च्या सप्टेंबरला पहिलं बाळ जन्मलं. ऑपरेशनची पद्धत, कंपनी नाही, शेअर नाही, जगभरचे सर्जन येऊन शिकून गेले. पुण्यात गॅलक्सी केअरमध्ये २०१७ ला भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं आणि २०१८ ला बाळ झालं, ते याच वाटेनं चालून. अशा गोष्टी आमच्या ऑफिसच्या वार्षिक अहवालात कुठंच बसत नाहीत, कारण रकाना पेटंटचा आणि कंपन्यांचा.

काळी बाजूही आहे आणि ती मोठी आहे. स्टॉकहोमची कारोलिन्स्का म्हणजे मेडिसिनचं नोबेल ठरवणारी संस्था, तिथं माकिअरिनी नावाच्या सर्जननं २०११ पासून प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या, पेशंट गेले, आतल्याच चार डॉक्टरांनी तक्रार केली तर संस्थेनं आधी त्यालाच पाठीशी घातलं. २०१६ मध्ये टीव्हीवरच्या मालिकेनं सगळं उघडं पडलं, संस्थेच्या प्रमुखाला जावं लागलं, आणि २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं माकिअरिनीला अडीच वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतर स्वीडननं २०२० पासून संशोधनातल्या लबाडीची चौकशी युनिव्हर्सिटीकडून काढून वेगळ्या राष्ट्रीय बोर्डाकडे दिली. विश्वासावर चालणारा समाज म्हणून कौतुक होतं ना, त्या विश्वासाचा गैरफायदा घेणारा आला की तोच समाज उशिरा जागा होतो. दुसरं, नोवोवर डेन्मार्क इतका टेकलेला आहे की २०२५ च्या सप्टेंबरला कंपनीनं जगभरात नऊ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यातली पाचेक हजार डेन्मार्कमधली, तेव्हा अख्खं कोपनहेगन गप्प झालं होतं. फाउंडेशनची मालकी म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

आता तुमचं. इथं पीएचडी ही नोकरी आहे, फी नाही, पगार आहे, पेड रजा आहे, स्वीडनमध्ये चार वर्षं, डेन्मार्कमध्ये तीन. जागेची जाहिरात येते आणि नोकरीसारखा अर्ज करायचा. याउलट मास्टर्सला युरोपबाहेरच्यांना जबर फी, डेन्मार्क २००६ पासून, स्वीडन २०११, फिनलंड २०१७, आणि नॉर्वेनंही २०२३ ला सुरू केली. तुमचं एमएससी झालंय, तर दुसरं मास्टर्स करायला कर्ज काढून येऊ नका, थेट पीएचडीच्या जाहिराती बघा, सहा-आठ महिने लागले तरी चालतील.

मुलाखतीत एक गोष्ट नक्की विचारा, प्रोजेक्ट कुणाच्या पैशावर आहे. कंपनीचे पैसे असतील तर तुमच्या शोधाबद्दल आधीच काहीतरी सही झालेली असू शकते, स्वीडनमध्ये सुद्धा, कारण प्रोफेसर आपला हक्क कराराने देऊन टाकू शकतो आणि तुमच्याकडूनही तशी सही मागेल. घाबरायचं कारण नाही, वाचून सही करायची. लाजू नका, इथं असं विचारलं तर कुणाला राग येत नाही, उलट बरं दिसतं.

आणि पेटंटचा विचार असेल तर तोंड बंद. युरोपात पेपर, पोस्टर, कॉन्फरन्समधला गप्पांचा कार्यक्रम, काहीही आधी बाहेर गेलं तर नवीनपणा संपला, अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत नाही. स्वीडनमध्ये तर थीसिस डिफेन्सच्या साधारण तीन आठवडे आधी जाहीर करायची, खरोखर भिंतीवर खिळा मारून टांगायची पद्धत आहे, हौसेनं फोटो काढतात. त्या खिळ्याच्या आधी अर्ज गेला पाहिजे. शिवाय सरकारी युनिव्हर्सिटीतले कागद इथं कायद्यानं कुणीही मागू शकतं, काही अपवाद सोडून, त्यामुळं गुपित गोष्ट ईमेलमध्ये सैल हातानं लिहू नका.

शेवटचं, पुलाबद्दल. ओरेसुंडचा पूल २००० ला झाला, माल्मोहून कोपनहेगन ट्रेननं चाळीसेक मिनिटं, आणि ब्रोशरमध्ये मेडिकॉन व्हॅली म्हणजे दोन्ही काठ मिळून एकच बाजार असं छापलेलं असतं. स्वीडिश-डॅनिश माणसाला आहे तसं. भारतीय पासपोर्टवर स्वीडनचं परमिट घेऊन राहत असाल तर डेन्मार्कमध्ये काम करायला तिकडचं वेगळं परमिट लागतं, पुलावरून रोज गेलात म्हणून काही चालत नाही. म्हणून पीएचडी लुंडला आणि पुढची नोकरी कोपनहेगनला असा बेत असेल तर शेवटच्या वर्षातच अर्जाचं बघायला लागा, कारण कंपनीला माणूस पुढच्या महिन्यात हवा असतो आणि परमिटला त्याचा वेळ लागतो.